भावाकडचे स्पीकर

आई गेली त्या वर्षी माझा धाकटा भाऊ अंबडच्या कोर्टात कारकून होता आणि मी भोकरदनला शाळेत शिकवत होते. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, धावड्याला शेती बघायचे आणि गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. आईच्या तेराव्यानंतर त्यांनी पखवाज गवसणीत घालून माळ्यावर ठेवला, शेत बटईनं लावून दिलं आणि बोलणंही जवळजवळ बंद केलं.

धावड्याहून भोकरदन तालुक्याचं गाव, रोजच्या जाण्यायेण्यातलं. अंबडला जायचं तर जालन्याला गाडी बदलावी लागते, अर्धा दिवस त्यातच जातो. तरी आबा राहायला जायचे ते भावाकडं, आणि गेले की महिना-महिना राहायचे. माझ्याकडं बाजाराच्या दिवशी यायचे. ओसरीवर बसून चहा घ्यायचे, माझ्या मुलीच्या हातावर शेवेचा पुडा ठेवायचे आणि परतीची गाडी कितीला आहे ते विचारायचे. जेवून जा म्हटलं की म्हणायचे, "लेकीच्या घरी किती बसावं, माय. बरं दिसत न्हाई."

निम्मं घर माझ्या पगारावर चालत होतं. पण ही जुनी रीत आहे, आबा काही बदलायचे नाहीत, असं मी स्वतःला समजावलं होतं आणि ते मला पटलंही होतं. मग त्या भाऊबीजेला मी अंबडला गेले.

दुपारची वेळ होती. भावाच्या पुढच्या खोलीत आबा खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. समोर भिंतीपासून हातभर पुढं, गुडघ्याएवढी दोन लाकडी खोकी ठेवलेली, तोंडाला काळं कापड ताणलेलं. त्यातून भजनाची कॅसेट चालू होती. आवाज मोठा नव्हता, पण खोलीत कुणीतरी येऊन बसलंय असं वाटत होतं. आबांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. आई गेल्यापासून ती बोटं हललेली मी पाहिली नव्हती. मी आत आले तसं त्यांनी डोळे उघडले, पंजा वर करून मला बस म्हणून खुणावलं आणि पुन्हा मिटले. एक बाजू संपली तेव्हा स्वतः उठून त्यांनी कॅसेट उलटी केली. आमच्या घरी रेडिओचा कानही कधी त्यांनी स्वतः पिळला नव्हता.

रात्री जेवताना ते बोलले. गाणाऱ्यानं कुठं दम घेतला, पखवाजवाल्याची शाईची बाजू सुरातून थोडी उतरली होती, असं काय काय. वर्षभर मी त्यांच्याकडून चार शब्द काढायला धडपडत होते, आणि इथं ते घास हातात धरून बोलत होते. भावजय कौतुकानं म्हणाली, "दुपारी बसले की दिवेलागणीपर्यंत उठत न्हाईत आबा. मी म्हणते बसू द्या, जीव रमून राह्यलाय." तिच्या बोलण्यात काडीचाही दिमाख नव्हता. मला मात्र तोच ऐकू आला. लेकीच्या घरी बसवत नाही, आणि खोक्यांपुढं चार-चार तास बसवतं.

भोकरदनला परतल्यावर मी मिस्टरांना सांगितलं की आपल्यालाही स्टिरिओ घ्यायचा. त्यांनी विचारलं, "तुला आबा पाहिजेत का भावाची जिरवायचीय?"

मी म्हणाले, "दोन्ही."

त्यांना हसू आलं. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही जालन्याला मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार सगळं मिस्टरांकडं बघूनच बोलला. मी विचारलेल्याचं उत्तरही त्यांनाच दिलं. मी भावापेक्षा मोठे स्पीकर दाखवा म्हणाले. म्हणजे शब्द तसे नव्हते, पण मी हातानं उंची दाखवली ती भावाच्या खोक्यांच्या वर एक वीत होती. त्यानं कमरेएवढी जोडी पुढं ओढली. पुढं चंदेरी कड्या, तीन-तीन गोल, आवाजाबरोबर लुकलुकणारे दिवे. त्यानं स्वतःची कॅसेट लावून बटण फिरवलं तसं काउंटरची काच थरथरली. बारीकसारीक वाद्यं अशी लख्ख वेगळी ऐकू आली की मला वाटलं, आजवर मी गाणं ऐकलंच नव्हतं. पाच मिनिटांत मी हो म्हणाले. मिस्टरांनी गाडीच्या टपावर खोकी स्वतः बांधली आणि उतरवलीही स्वतः.

आळीतले लोक बघून गेले. मी बाजाराच्या दिवसाची वाट न बघता धावड्याला जाऊन आबांना घेऊन आले, त्यांच्या आवडीच्या भजनाच्या दोन कॅसेट आणल्या, खुर्ची मांडली. आबा बसले. पहिल्या अभंगाला मान हलली. दुसऱ्याला त्यांनी खुर्ची जरा मागं घेतली. अर्ध्या तासानं ते उठले, "चांगलं हाय, माय," म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. तिथं ते करंगळीनं कान चोळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. बटईदाराला भेटायचंय म्हणाले.

मला आबांचा राग आला आणि त्याहून जास्त भावाचा. पुढचे कित्येक दिवस मी हट्टानं ते स्पीकर लावून वह्या तपासत बसायची. आणि मग जे आबांनी सांगितलं नव्हतं ते माझं मलाच कळायला लागलं. दहा मिनिटं छान वाटायचं. मग टाळांचा प्रत्येक ठोका कानात काडी घातल्यासारखा टोचायचा. गाणाऱ्याच्या तोंडून "स" आला की फस्स व्हायचं. मी आवाज कमी करायची, तर शब्द कळायचे नाहीत. वाढवला की पुन्हा टोचायचं. तासाभरानं कपाळ जड व्हायचं. एकदा बटण बंद केलं आणि जी शांतता झाली तिचंच इतकं बरं वाटलं, की हातातली लाल पेन्सिल ठेवून मी तशीच बसून राहिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंबडला गेले ते भावाचे स्पीकर कुठल्या कंपनीचे आहेत ते बघायला. तसं कुणाला सांगितलं नाही. भावजय अंगणात कुरडया घालत होती, मी तिला मदत करता करता सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, कंपनीचे नाहीतच. जालन्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, ते स्वतः बनवतात. आबा आणि भाऊ मिळून तीनदा गेले होते. मिस्त्रींनी सांगितलं की खोक्यात आतून कापूस भरला तर आवाज घुमत नाही, तर आबांनी धावड्याहून आपल्या शेतातला कापूस पिंजून नेऊन दिला.

मी कुरडयांचा सोऱ्या खाली ठेवला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. आपल्या शेतातला कापूस त्याच्या खोक्यात. माझ्या लग्नात त्याच शेतातल्या कापसाच्या दोन गाद्या आबांनी दिल्या होत्या, त्या मला त्या क्षणी आठवल्या नाहीत.

भाऊ कोर्टात होता. आबा त्याच खोलीत कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपले होते. मी एका खोक्याच्या मागं वाकले. लाल आणि काळी अशा दोन तारा चापात धरलेल्या होत्या. मी चाप दाबला, लाल तार बाहेर ओढली आणि जागेवरच आहे असं दिसेल अशी टेकवून ठेवली. माझं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढं होतं, मी मुलांना खोड्या केल्या म्हणून उभं करणारी बाई होते. मग पाणी पिऊन मी कुरडया घालायला परत गेले.

संध्याकाळी आबांनी कॅसेट लावली. लगेच म्हणाले, एका बाजूचा आवाज गेला. भाऊ वाकला, दोन मिनिटांत तार बसवली, उंदरानं ओढली असेल म्हणाला. पखवाज पुन्हा दोन्हीकडून वाजायला लागला. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

त्यानंतर सहा-सात महिने मी कॅसेटच लावली नाही. शाळेच्या गॅदरिंगला मोठ्या आवाजाची सोय नव्हती, तर ती कमरेएवढी खोकी मी शाळेला देऊन टाकली. उघड्या मैदानावर ती फार छान वाजली. मुलं नाचली, गावचे लोक खूष झाले. त्या खोक्यांचा दोष नव्हता. ती मैदानाची होती, मी ती दहा बाय बाराच्या खोलीत आणून ठेवली होती.

मग एका बाजाराच्या दिवशी आबा ओसरीवर चहा घेत असताना मी म्हणाले, "आबा, माझ्याबरोबर जालन्याला चलता का? मिस्त्रीकडं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "चल की," म्हणाले. "कॅसेट घे संगं. आपल्या ऐकण्यातली."

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एका बोळातली लांबट खोली. भिंतीला खोकी, खाली लाकडाचा भुसा, मिस्त्रींच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. आबांना बघून ते उठले, हात हातात घेतले. मग त्यांनी मला प्रश्न विचारले, मलाच. खोली केवढी? वर पत्रा का स्लॅब? खाली शहाबादी फरशी का सारवण? भिंतीला पडदे, गोधड्या काही? कोण ऐकणार, किती वेळ? मी सांगितलं, वर पत्रे, खाली फरशी, पडदे नाहीत. ऐकणार आबा. कितीही वेळ.

"मंग भावाचे होते तसे बिलकुल नको," ते म्हणाले. "त्याची खोली मोठी, स्लॅबची. ते खोके तुमच्याकडे ठेवले तर घुमतील नुसते."

मला वाटलं, हेही मला मिळणार नाही. माझा चेहरा पडला असणार, कारण मिस्त्री हसले. म्हणाले, "बाई, जल्दी करू नका. पहिल्या पाच मिनिटांत जो आवाज खूष करतो ना, तोच एका घंट्यात थकवतो. बसा आरामात."

त्यांनी तीन जोड्या एका जुन्या चादरीआड ठेवल्या. दिसलं की डोळेच निवड करतात म्हणाले. आवाज एवढाच ठेवला की मी आणि आबा शेजारी बसून बोललो असतो तर ऐकू आलं असतं. आमचीच कॅसेट, प्रत्येक जोडीवर तीच एक बाजू पूर्ण, आणि तोवर एकमेकांशी बोलायचं नाही.

पहिली जोडी मला लगेच आवडली. टाळ चांदीसारखे वाजत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझे खांदे कानाकडं चढलेत, आणि शेजारी आबांची करंगळी कानात गेली होती. दुसरीत पखवाज एवढा भरदार की छातीत लागायचा. पण डाव्या हाताची एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर पडत होती, आणि गाणारा गोधडीतून गातोय असं वाटत होतं. तिसरी लागली तेव्हा मला तिच्यात काहीच विशेष वाटलं नाही. साधी. जरा मवाळच. मी मनातल्या मनात तिला बाद केलं आणि मुलीचा गणवेश, शाळेची हजेरी असले विचार करायला लागले, मग तेही थांबले. मिस्त्रींनी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं की बाजू केव्हाच संपली होती. आबा अजून मांडीवर ठेका धरून होते.

"हीच," मिस्त्री म्हणाले. "पण अजून एकदा ऐका. मी नमाज पढून येतो."

ते गेल्यावर मी कॅसेट उलटी करायला उठले. आबांनी मला थांबवलं. समोरच्या टपरीवरून आलेला चहा आमच्या हातात होता.

"त्या दिवशी तार तू काढल्ती," ते म्हणाले.

माझ्या हातातल्या चहावर साय धरली.

"मी जागा व्हतो. मला वाटलं आता सांगंल, मंग सांगंल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. "तुला पाहिजे व्हतं तर म्हणायचं व्हतं, माय. त्यानं म्हणलं, आबा चला, तुमच्या कानाला बराबर बसंल ते घेऊ. मी गेल्तो. तू सरळ खोके आणून पुढं ठिवले. तुझ्या मनानं घेतलेले."

मी म्हणाले, "तुम्ही लेकीकडं राहतच नव्हता. कशाला विचारणार?"

"त्या खोक्यांपुढं कोण ऱ्हाईल?" ते म्हणाले, आणि मग चहाकडं बघत, "तुह्या आईनंच सांगितलं व्हतं, लेकीवर भार टाकू नका म्हणून. मला का यायचं नव्हतं का?"

मिस्त्री परत आले तेव्हा मी डोळे पुसून बसले होते. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि खोकं उघडून मला आत दाखवायला लागले. कागदाचा कोन, त्याच्या काठाला मऊ कापड, मागं लोहचुंबक आणि तारेची बारीक गुंडाळी. तार ओढते-ढकलते, कागद हलतो, हवा हलते, बस. वरच्या छोट्या स्पीकरचा चरचराट ते मुद्दाम थोडा दाबतात, कारण बाजारातले लोक तो वाढवूनच विकतात. आणि आत कापूस, म्हणजे खोक्यानं स्वतः काही बोलू नये.

"कापूस मी आणून दीन," आबा म्हणाले.

त्यांनी आणला. पिंजलेला, चादरीत बांधून, आठ दिवसांनी. ती छोटी खोकी, भावाच्या निम्म्या उंचीची, दोन स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला ठेवली, कोपऱ्यापासून लांब. मिस्त्रींच्या सांगण्यावरून समोरच्या भिंतीला एक गोधडी लावली आणि पत्र्याखाली जुन्या साड्या ताणल्या. आळीतल्या बायका म्हणाल्या, पहिले मोठे होते ते का दिले? मिस्टर म्हणायचे, ते फार बोलायचे.

आबा त्या हिवाळ्यात माझ्याकडं तीन आठवडे राहिले. दुपारी मी शाळेतून यायची तेव्हा ते ऐकत असायचे. मी शेजारी वह्या घेऊन बसायची. दोन तास, अडीच तास. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावायचं नाही. भाजी काय करायची एवढंच मधे बोलणं. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते, आणि मी ते स्वतःच खराब केले. एके दिवशी न राहवून विचारलं, "आबा, खरं सांगा. कुणाचे चांगले? त्याचे का माझे?"

आबांनी आधी चालू बाजू संपू दिली. मग म्हणाले, "त्याच्याकडं पखवाज भरतो. तुझ्याकडं गाणारा माणूस जवळ येऊन बसतो."

दुसऱ्या कुणीही हे ऐकून समाधान मानलं असतं. मी मात्र रात्री कुशीवर वळून विचार करत राहिले की आबा पखवाज वाजवणारे. मग त्यांना पखवाजच प्यारा असणार. गाणाऱ्या माणसाचं काय. मिस्टर झोपेत म्हणाले, "आता काय राहिलं?"

त्यानंतर आबा दोघांकडं येत-जात राहिले. थोडे दिवस इकडं, जास्त दिवस तिकडं, आणि मी दिवस मोजायची. भावाकडं पंधरा झाले की मला निरोप पाठवावासा वाटायचा. कधी पाठवायचीही, मुलीला ताप आलाय म्हणून. तिला ताप नसायचा.

आबा धावड्यालाच वारले, साधारण दहा वर्षांनी, शेतावरून येऊन ओसरीवर टेकले ते तिथंच. तोवर कॅसेटची दुकानं बंद होत आली होती, सगळीकडं सीडी आल्या होत्या.

वर्षश्राद्धानंतर भाऊ माझ्याकडं आला. त्यानं स्वतःच आबांची एक कॅसेट लावली आणि खुर्चीवर बसला. एक बाजू झाली, दुसरी झाली. मी आतून दोनदा डोकावले. मला त्याला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. चहा दिला तेव्हा तो स्वतःच बोलला.

"अक्का, तुला सांगितलं न्हाई कधी. आबा तुझ्याकडून आले की तिकडं बसून म्हणायचे, अक्काकडं गाणारा जवळ येतो, इथं लांब बसलाय. लई राग यायचा मला. मी दोनदा गेल्तो मिस्त्रीकडं, तुझ्यासारखे करून द्या म्हणून. ते म्हणले, तुमच्या खोलीत तसे वाजणार न्हाईत."

मला तारेचं सांगायला पाहिजे होतं. ती वेळ तीच होती. त्याचं तोंड आबांसारखं दिसत होतं, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. पण सांगायच्या आधी माझ्या मनात जे आलं ते आधी लिहिते. मला बरं वाटलं. वाईट वाटायला पाहिजे होतं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यावर जळलं होतं हे ऐकून मला आतून गार वाटलं, आणि ते बरं वाटणं चहा संपेपर्यंत टिकलं.

मग मी त्याला तारेचं सांगितलं. तो आधी काही समजलाच नाही, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं. तिकडंच बघत म्हणाला, "आणि मी उंदीर मारायला औषध आणल्तं."

त्यानं पुन्हा कॅसेट उलटी केली आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिला.